शिळे ठोके

ही गोष्ट रचलेली नाही. मी स्वतः त्या खोलीत होते.

ऐकणारे आधी विचारतात, रात्र होती का? नाही. रविवारची भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

माझी ताई पेशंटच्या उशाशी ठेवायची मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे. बोटाला चिमटा लावला की पडद्यावर नाडीचे ठोके दिसतात, ते मशीन. त्याच्या आतली सिस्टीम ती लिहिते. तिच्या जोडीला एक वयस्कर सहकारी होते. त्यांना कुणालाही काहीही समजावत बसायची खोड, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

त्या रविवारच्या महिनाभर आधी मास्तर गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

त्यांचं अर्धवट काम ताईच्या गळ्यात पडलं.

मशीनमध्ये एक दोष होता. चिमटा काढला तरी कधीकधी ठोके दिसतच राहायचे. ताईने मला सोपं करून सांगितलं होतं. प्रोसेसर दरवेळी मेमरीपर्यंत जात नाही, हाताशी एक नक्कल ठेवतो. तिला कॅश म्हणतात. मेमरीत नवा आकडा आला की कर्नलने, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याने, ती जुनी नक्कल रद्द करायची असते. ते राहून गेलं, तर प्रोसेसर शिळाच आकडा वाचत बसतो.

"म्हणजे माणूस गेला तरी मशीन म्हणणार, ठणठणीत आहे," ताई म्हणाली होती.

त्या दुपारी आम्ही दोघी घरासाठी खिडक्यांचे पडदे घ्यायला जाणार होतो. ताई म्हणाली, वर ऑफिसात ये, हातातलं संपवते आणि निघू. अख्खा मजला रिकामा होता. मशीन तपासायच्या खोलीत ती एकटीच.

चिमटा टेबलावर पडला होता. कुणाच्याच बोटाला नव्हता.

आणि पडद्यावर...

ठोके चालू होते. बहात्तर.

"शिळे आहेत," ती म्हणाली आणि तिने सगळी कॅश रद्द करायची कमांड दिली. पडदा कोरा झाला. मी पर्स उचलली.

टिक...

ठोके परत आले.

तिने पुन्हा कमांड दिली. ते पुन्हा आले. मग तिने मशीनचा प्लगच काढला. थोडं थांबून लावला. आता आत जुनं काही उरूच शकत नाही, असं ती स्वतःशीच पुटपुटत होती.

टिक...

तिने चिमट्याची वायर उपटून काढली.

ठोके चालूच.

मी तिला निघूया म्हणून विनवलं. तिचं लक्ष नव्हतं. ती पडद्याकडे टक लावून बघत होती.

"शिळा आकडा बदलत नसतो गं," ती हळूच म्हणाली.

मी बघितलं. बहात्तरचे अडुसष्ट झाले होते. मग एकसष्ट. सावकाश... एखाद्याचा डोळा लागत असावा तसे.

आणि तेव्हाच मागून आवाज आला.

श्वासाचा.

गाढ झोपलेल्या माणसाचा संथ, जड श्वास. मागे फक्त मास्तरांची खुर्ची होती. रिकामी.

पन्नास. त्रेचाळीस. श्वास अडखळायला लागला. मी दाराकडे सरकले. पण ताई खुर्चीकडे धावली. झोपलेल्या माणसाचा खांदा हलवावा तसा तिने त्या खुर्चीवर हात नेला.

"मास्तर... उठा हो. मास्तर, उठा."

आकडा एकदम वर उसळला.

क्षणभरच.

मग शून्य. मशीन किंचाळायला लागलं. श्वास थांबला होता. ताईने हात मागे ओढला, तर बोटं पांढरीफटक पडली होती.

आम्ही कुलूप न लावताच पळालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिस माणसांनी भरलेलं असताना ताईला खरा दोष सापडला. नक्कल रद्द करायची सूचना चुकीच्या जागी होती. तिने ती दुरुस्त केली. सहकाऱ्यांनी आळीपाळीने चिमटा लावून बघितला. काढला की आकडा लगेच जायचा. सगळे खूश.

शेवटी तिने स्वतःच्या बोटाला लावला.

पडदा कोरा.

दुसरं बोट. दुसरं मशीन. कोराच.

नंतर मी तिला दवाखान्यात नेलं. तिथलं मशीन वेगळ्या कंपनीचं होतं, तरी तेच. डॉक्टरांनी मनगट धरून बघितलं आणि बोटं गार असतील म्हणून हसण्यावारी नेलं. बाकी सगळे रिपोर्ट चांगले आले. ताईसुद्धा आता त्यावर विनोद करते. म्हणते, मशीनच्या लेखी मी कधीच गेले.

मला हसू येत नाही.

काल दुपारी सोफ्यावर तिचा डोळा लागला. राहवेना म्हणून मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागली. हायसं वाटलं. मोजायला लागले, पण मोजणी जुळेना. पुन्हा पुन्हा चुकत होते.

मग कळलं, का चुकतंय ते...

त्या मनगटात ठोके दोन होते.

एक तिचा. आणि त्याच्या मागोमाग दुसरा... खूप सावकाश.

मी तिला गदागदा हलवून उठवलं. का उठवलं, ते तिला अजून सांगितलेलं नाही.