काचेपुढची जागा

कबुतराची मादी अंडी घालायच्या बेतात आली की आधी गळ्याजवळची पिसं जराशी फुगवते. इतकी जराशी, की नवख्याला तो वाऱ्याचा खेळ वाटावा. चिमणीला मात्र ते दारातूनच दिसलं आणि तिचे पाय थबकले.

चिमणी हे त्या सहायक मुलीचं नाव, कबुतरांवर संशोधन करणाऱ्या तिच्या मॅडमनी ठेवलेलं. आज त्यांच्या स्मृत्यर्थ गौरवसभा होती. खाली सभागृहात खुर्च्या लागत होत्या, तोवर मॅडमच्या धाकट्या बहिणीला पक्ष्यांची खोली दाखवायला ती वर आली होती.

"सगळ्या माद्याच? आणि अशा काचेच्या पेट्यांत एकेकट्या का गं?"

चिमणीची मान ताठ झाली. "तोच तर त्यांचा शोध, मावशी. नराचा स्पर्शही लागत नाही. काचेपलीकडून कुणी मान लववून घुमलं, तरी मादीच्या अंगातले हार्मोन्स जागे होतात आणि ती अंडी घालते. आधी सगळे हसले. आज त्यावर पुस्तकात धडा आहे! मॅडम स्वतः काचेपुढे बसून घुमायच्या. एकीपुढे झालं की दुसरीपुढे, खिडकीपासून दारापर्यंत. आम्ही घुमलो तर पाखरं ढुंकूनही बघायची नाहीत."

"घरी जन्मात कुणापुढे मान लववली नाही बयेने," बहीण हसली. "आणि इथे कबुतरांपुढे!"

चिमणीही हसली, पण तिची नजर खिडकीजवळच्या पेटीवरून हलेना. मॅडम गेल्यापासून इथे एकही अंडं पडलं नव्हतं. म्हणूनच संस्थेचे संचालक खोली बंद करायला निघाले होते. चिमणीने जबाबदारी घेतली तरच ती वाचणार होती, आणि चिमणी रोज 'उद्या सांगते' म्हणत होती. मॅडमचं काम आपल्याला पेलेल का, हेच तिला ठरवता येत नव्हतं.

ती मादी आता काचेशी येऊन मान लववू लागली.

प्रतिबिंब असेल? शक्य नव्हतं, ते दिसू नये म्हणून मॅडमनी काचा मुद्दाम तिरप्या बसवल्या होत्या. नराचा आवाज? नर पलीकडच्या इमारतीत होते.

मादीने चोचीत काडी धरली आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली. लगेच शेजारची काचेशी आली.

मग तिच्या पुढची.

खिडकीकडून दाराकडे.

"इथे आपल्याशिवाय कुणी आहे का गं?" बहिणीने चिमणीचा हात घट्ट धरला.

शेवटची पेटी दाराशी, दोघींच्या पुढ्यात होती. तिच्या काचेवर, बाहेरून, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर वाफेचा डाग उमटला. विरला. पुन्हा उमटला.

चिमणीने त्यावर बोट ठेवलं. काच कोमट होती.

भीती वाटायला हवी होती. पण ऊर भरून आला.

"चला, मंडळी जमली." संचालक दारात उभे होते. "आणि तुमचं काय? आजही उद्याच का?"

"नाही सर. ही खोली बंद होणार नाही. मी चालवणार," चिमणी म्हणाली. त्यांच्याकडे न बघता, काचेपुढच्या रिकाम्या जागेकडे बघत.