घुंगुरमाळ आणि बिनपायांचा पाहुणा

पाय नाहीत, तरी वाट चुकत नाही.
डोळे नाहीत, तरी चित्र सोडत नाही.
हजारदा घरात शिरतो, उंबरा काही झिजत नाही.
ओळखा, कोण?

हे कोडं कस्तुरीनं स्वतः रचलं होतं आणि त्याचं उत्तर तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

पडवीतली घुंगुरमाळ आता पुन्हा वाजली होती. छुमछुमछुमछुम! या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, आणि मग चिडीचूप.

"आला गं बाई, तो मुडदा पुन्हा आला!" कावेरीमावशीनं सुई टाचणीच्या गादीत खुपसली. मांडीवरची अर्धी गोधडी तिनं झटक्यात गुंडाळली, जणू समोर चोरच उभा होता. "कस्तुरे, मी काय म्हणाले होते?"

"चोराचा वास आला की दोरी काढायची," कस्तुरी पुटपुटली.

"मग?"

कस्तुरी जागची हलली नाही. दोरी काढली तर काय होईल, ते तिला पुरतं माहीत होतं. ते तुम्हालाही कळायला हवं, म्हणून जरा मागे जाऊ या.

कावेरीमावशीच्या गोधड्या म्हणजे नुसती पांघरुणं नव्हेत. जुन्या लुगड्यांच्या, सदऱ्यांच्या चिंध्या जोडून ती त्यांच्यावर शेतं पेरायची, पाखरं उडवायची. प्रत्येकीला नाव असायचं. 'नांगरट', 'पाणकणीस', 'चिमण्यांची शाळा'. शिवताना ती गुणगुणायची:

फाटलेलं लुगडं गं, त्याला टाकून देऊ नये
टाक्याटाक्यात माणूस, त्याला उघडं ठेवू नये

पण मागे एकदा गावच्या जत्रेत तिनं 'चिमण्यांची शाळा' टांगली होती. कुणीतरी फोटो काढून नेला. पुढे तालुक्याच्या बाजारात छापील चादरींचे ढीग लागले आणि त्या प्रत्येक चादरीवर मावशीच्याच चिमण्या! धागा संपला म्हणून बिनचोचीची राहिलेली एक चिमणीसुद्धा तशीच, बिनचोचीची. त्या दिवशी मावशीनं रंगीत गोधड्या पेटीत घातल्या. नंतर ती शिवायची, पण नुसते सरळ टाके. गाणंही थांबलं.

ती पेटी कस्तुरीनं उघडायला लावली होती. "आपण वेबसाइट करू," असा हट्ट तिनं धरला तो सहावीच्या सुट्टीत.

"तसलं श्रीमंतांचं खूळ आपल्याला नको," मावशी म्हणाली होती. तेव्हा तात्याआजोबा मधे पडले. तात्याआजोबा म्हणजे मावशीचे वडील. जन्मभर ते खोडदजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर (आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या यंत्रावर) काम करत आले होते. निवृत्त झाले तरी कान अजून आभाळाकडेच लागलेले.

"अगं, वेबसाइट म्हणजे वलणी," ते म्हणाले. "गोधडी दोरीवर घातली, जाणाऱ्या-येणाऱ्यानं पाहिली, झालं. तिला लागतं काय? एक नाव, एक जागा आणि चार पानं."

"आणि पैसे?"

"नाव तेवढं भाड्यानं घ्यावं लागतं. त्याला डोमेन म्हणतात (त्याच नावानं जग आपल्याला शोधतं). वर्षाकाठी एका साध्या साडीइतका खर्च. जागा मात्र आपल्या घरातच आहे." असं म्हणून त्यांनी काच तडकलेला जुना मोबाइल काढला. "हा आपला सर्व्हर (मागेल त्याला पान काढून देणारा संगणक). पत्र्यावरच्या सौरपट्टीवर चालेल."

"एवढासा फोन साऱ्या जगाला पुरेल?" कस्तुरीनं डोळे बारीक केले.

"तुझी मावशी पाहुणा आल्यावर पीठ मळायला बसली तर गर्दीत तिची त्रेधा उडेल. पण भाकरी आधीच भाजून टोपलीत ठेवल्या असतील तर? नुसतं उचलून द्यायचं. काही वेबसाइटी प्रत्येक पाहुण्यासाठी नवं पान भाजतात, त्यांना मोठी यंत्रं लागतात. आपली पानं आधीच तयार असतील. टोपलीतली भाकरी वाढायला जुना फोनही पुरतो."

मावशी राजी झाली, पण दोन अटींवर. प्रत्येक फोटोला दृष्टीची काळी तीट लावायची, ही पहिली. दुसरी तुम्हाला माहीतच आहे: चोराचा वास आला की दोरी काढायची, म्हणजे वेबसाइटच बंद.

मग तात्याआजोबांनी त्यांच्या गेलेल्या बैलाची, सर्जाची घुंगुरमाळ पडवीत टांगली आणि तारा लावून फोनला जोडली. एकेका गोधडीचं एकेक घुंगरू. कुणी 'नांगरट' पाहिली की नांगरटीचं वाजणार, 'पाणकणीस' पाहिली की तिचं. आणि टोकाचं मोठं पितळी घुंगरू होतं पाटीचं. प्रत्येक वेबसाइटच्या उंबऱ्याशी एक पाटी असते, यंत्रांनी वाचायची. यंत्रांना आत यायची मुभा आहे की नाही, ते तिच्यावर लिहितात.

पहिल्या आठवड्यात घुंगरं वाजली, छुम... मग बराच वेळ शांतता... छुम. "माणसं आहेत," आजोबा म्हणाले. "माणूस थांबतं, बघतं, मग पुढं जातं." मावशीनं लगेच नवी गोधडी घेतली. तिच्यावर द्राक्षबागांच्या मधोमध दुर्बिणीच्या गोल गोल थाळ्या, सूर्यफुलांसारख्या आभाळाकडे तोंड केलेल्या. गाणंही परत आलं.

आणि आता हा बिनपायांचा पाहुणा. छुमछुमछुमछुम. एका श्वासात साऱ्या गोधड्या पाहून पसार.

"एवढ्या वेगानं माणूस बघत नाही," कस्तुरी म्हणाली. "हे यंत्र आहे, आजोबा. आपली नक्षी चोरतंय."

"असेल. नसेलही," आजोबा म्हणाले. "संशय घ्यावा, पण त्याला कामाला लावावा. नुसता पोसू नये."

"तात्या, तुमचं तत्त्वज्ञान राहू द्या," मावशी फणकारली. "उद्या पुन्हा चादरी छापून आल्या म्हणजे? दोरी काढा."

"एक दिवस दे, मावशी! फक्त एक!" कस्तुरी काकुळतीला आली. "पाटीवर मनाई लिहिते. 'कोणत्याही यंत्रानं आत येऊ नये.' ठणठणीत!"

"लिही. आणि पाटीलाही तीट लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरी दूध प्यायचं सोडून घुंगुरमाळेखाली बसली. शेजारी आजोबांचं हाकयंत्र होतं. फोनला जोडून मडक्यात बसवलेला एक भोंगाच तो, दारात आलेल्या यंत्राशी बोलायचा! कारण या काळात नियमच झाला होता की दारात हटकलं तर प्रत्येक यंत्रानं आपलं नाव सांगायचं.

ठण्ण! पितळी घुंगरू वाजलं. पाटीचं. आणि पुढं काहीच नाही.

मडक्यातून शांत आवाज आला. "पाटीवर मनाई आहे. परत जातो. नमस्कार."

"थांब!" कस्तुरी ओरडली. "कोण तू?"

"शोधदूत. मी क्रॉलर आहे (पानापानांवरून फिरून माहिती गोळा करणारा प्रोग्राम)."

"आमच्या गोधड्या कुठं नेतोस?"

"गोधडी नेत नाही, खूण नेतो. कोणत्या पानावर काय आहे, तेवढं टिपून ठेवतो. दूरच्या गावी कुणी विचारलं, 'हातानं शिवलेली गोधडी कुठं पाहायला मिळेल?' तर तुमची वाट दाखवतो."

"गोड बोलतोय मेला," मावशी आतून म्हणाली. "गोड बोलणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये."

"बरोबर," मडकं म्हणालं. "माझं नाव कुणीही घेईल. मी जिथून बोलतो तो पत्ता पाहा आणि माझ्या मालकाला विचारा, हा तुमचाच का? पाटीवर मनाई आहे म्हणून आता मी तुमची वाट विसरायला घेतो."

आवाज गेला. आजोबांनी पडताळून पाहिलं. पत्ता खरा निघाला. शोधदूत जगभरच्या शोधयंत्राचा (विचारलेली माहिती शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा) खराखुरा नोकर होता.

कस्तुरीचा चेहरा उतरला. "म्हणजे आपण वाट सांगणाऱ्यालाच हाकललं?"

कुणी काही बोलायच्या आत, छुमछुमछुमछुम! साऱ्या गोधड्यांची घुंगरं एकदम थरथरली.

मावशी दारात आली. "हा तर गेला होता ना?"

पण कस्तुरी माळेकडेच टक लावून बघत होती. सगळी घुंगरं हलत होती. फक्त एक तेवढं गप्प लोंबत होतं, पितळी.

"आजोबा! यानं पाटी वाचलीच नाही! रोज असंच होत असणार, घाबरून आपण नीट ऐकलंच नाही. दोघं येत होते. एक पाटी वाचून येणारा आणि एक थेट आत घुसणारा!" तिनं मडक्यात तोंड घातलं. "ए! कोण तू?"

"शोधदूत," खरखरीत आवाज आला. चटकन, पाठ केल्यासारखा.

आजोबांनी पत्ता पाहिला, मालकाला विचारलं. पडद्यावर उत्तर आलं, 'हा आमचा नाही.'

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघा! मी म्हणत नव्हते?"

"म्हणत होतीस, पण एकाच्या नावानं दोघांना शिव्या देत होतीस," आजोबा हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "कस्तुरी, कालच्या पाटीनं काय केलं, सांग बघू."

तिनं विचार केला. "जो ऐकणारा होता तो गेला. जो ऐकणारा नव्हता तो राहिला."

"हेच! पाटी म्हणजे विनंती. ती कुलूप नव्हे. सज्जनाला पाटी पुरते, चोराला कडी लागते."

"मग कडी लावा की!" मावशी म्हणाली. "पण एक खरं सांगा, तात्या. कडी लावली की नक्षी कुणी कध्धीच नेणार नाही?"

आजोबांनी चष्मा पुसला. "नाही, पोरी. जे डोळ्याला दिसतं ते कुणीतरी नेऊ शकतंच. तसं कुलूप जगात नाही. पण चोराला ते जड जाईल, नेलं तरी उपयोग होणार नाही, एवढं आपल्या हातात आहे."

मावशीची नजर पेटीकडे गेली.

"चोचीशिवाय चिमणी," मावशी हळूच म्हणाली. "पेटीत ठेवली तरी ती चादरीवर गेलेलीच आहे." ती खाली बसली. "बोला. काय काय करायचं?"

मग तिघं कामाला लागली. पहिली कडी वेगाची. जो एका श्वासात सारी पानं मागेल त्याला फोन म्हणणार, 'दम धर.' माणूस तेवढ्या घाईत नसतंच, त्यामुळे त्याला ती जाणवणारही नाही. दुसरी कडी फोटोच्या आकाराची. कस्तुरीनं मोठे फोटो काढून लहान प्रती ठेवल्या. पडद्यावर त्या छान दिसत, पण चादरीएवढ्या ताणल्या की चिमण्यांचे नुसते चौकोनी ठिपके होत.

"आणि तीट?" मावशीनं विचारलं.

कस्तुरीनं फोटो दाखवला. तीट कोपऱ्यात होती.

"हात्तिच्या! कोपरा तर कात्रीनं उडवतील. तान्ह्या बाळाला तीट गालावर लावतात, दुपट्याला नव्हे! मधोमध लाव. अशी फिकट, की बघणाऱ्याला टोचू नये, पण पुसायला जाणाऱ्याची नक्षीच पुसली जावी."

आजोबा थक्क झाले. "अगं, याला वॉटरमार्क म्हणतात (चित्रातच मुरवलेली मालकीची खूण). यंत्रांच्या जगात तो आता वापरतात, आणि तुझ्या आजीनं काजळाच्या डबीत ठेवला होता!"

शेवटी कस्तुरीनं पाटी पुसली आणि नवी लिहिली. वाट सांगणाऱ्यांना मुभा, हळू या, नक्षी उचलू नका. मावशीनं ती दोनदा वाचून घेतली. तरी मान हलवलीच. "बघू. मला अजून भरवसा नाही."

"नसू दे," कस्तुरी म्हणाली. "मी रोज माळ ऐकत जाईन."

पुढच्या दिवशी सकाळी पितळी घुंगरू ठण्ण वाजलं. मग एकेक गोधडी, सावकाश. शोधदूत परतला होता. दुपारी माळ फक्त एकदा फुरफुरली आणि अडली. मडक्यातून खरखर आली, "दम... दम..." आणि विझली. मावशी इतकी हसली की सुईत दोरा जाईना.

ऊन कलताना एक घुंगरू वाजलं.

छुम.

'चिमण्यांची शाळा'.

तिघांनी माना वर केल्या. दुसरं वाजलं नाही. मावशीचे डोळे पुन्हा बारीक झाले. "आता हा कोण? काय करतोय एवढा वेळ?"

कस्तुरीनं कान दिला. माळ स्थिर होती. कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी पडद्यासमोर कुणीतरी त्या बिनचोचीच्या चिमणीपाशी अडलं होतं.

"माणूस आहे, मावशी," ती कुजबुजली. "थांबलंय."

मावशीनं गुंडाळलेली गोधडी उलगडली, दुर्बिणीच्या राहिलेल्या थाळीला पहिला टाका घातला आणि गुणगुणली:

वाटेवरल्या पाहुण्या, टेक उंबऱ्याशी पाठ
चिंध्या जोडून बांधली आभाळाची मी गं गाठ

"आजोबा," कस्तुरीनं विचारलं, "तुम्ही जन्मभर ऐकत होतात ना, कधीतरी तिकडच्या ताऱ्यावरून कुणी आलं तर घुंगरू कसं वाजेल?"

तात्याआजोबांनी आभाळाकडे पाहिलं. "कुणास ठाऊक. पण शहाणा असेल तर आधी पितळी वाजवेल."

"आणि तरी त्याचा पत्ता तपासायचा!" मावशी म्हणाली आणि तिनं पुढचा टाका घातला.