खुंटाचं पान

रविवारी सकाळी गंगापूर रोडवर गाड्यांची रांग लागायची. त्यातल्या निम्म्या वाइन प्यायला निघालेल्या असत आणि निम्म्या झोपलेल्यांना भेटायला. कुठली गाडी कुठली, हे नाशिककर एका नजरेत ओळखत. वाइनवाले टोप्या घालून हसत असत. निद्रागृहवाल्यांच्या मांडीवर इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी असे. झोपलेल्या माणसाला परीटघडीचा सदरा कशाला, असं कुणी विचारत नसे. आशा मोठी चिवट असते.

दोन्ही ठिकाणी काम करायचा तो एकच निद्रारस. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळाभर झोपते. नाशिकच्या वेलीच्या नशिबी झोप नाही. एप्रिलमध्ये छाटा, ऑक्टोबरमध्ये छाटा, ती बिचारी फुटतच राहते आणि ऐन उमेदीत थकून जाते. उन्हाळे असह्य झाले, धरणं आटू लागली, तेव्हा वेलीला काही वर्षं पाण्यावाचून निजवणारा हा रस शोधला गेला. माणसांपर्यंत पोचायला त्याला मग फार वेळ लागला नाही. ज्या रोगावर आज औषध नाही, त्याच्या रोग्याला औषध निघेपर्यंत निजवून ठेवायचं, एवढी साधी कल्पना.

कुमुदिनी खैरनार दोन्हीकडची होती. धरणापलीकडच्या एका वायनरीच्या बागा ती सांभाळायची, आणि त्या बागांना लागून असलेल्या निद्रागृहात तिचा नवरा दिगंबर निजलेला होता. शाळेत चित्रकला शिकवणारा हा माणूस. मेंदूत गाठ निघाली. "तुझ्या वेली उठतील तेव्हा मीही उठेन. चहा तेवढा तयार ठेव," असं म्हणून तो झोपला. आता त्या गाठीवर औषध निघालं होतं. निद्रागृहातून जागा होणारा तो पहिलाच माणूस, आणि तो दिवस आजचा होता.

कुमुदिनी चहाचा थर्मास घेऊन आधी बागेत गेली; निद्रागृहाच्या धावपळीत दोन आठवडे ती तिथे फिरकली नव्हती. तिथे वेगळाच उत्सव चालला होता. निजवलेला, सिरा जातीच्या वाइन-द्राक्षांचा पहिला प्लॉट दोन आठवड्यांपूर्वी जागवला होता आणि आज ओळीच्या ओळी हिरव्या दिसत होत्या. पाहुणे फोटो काढत होते. व्यवस्थापक गायधनी पेढे वाटत होते.

"मॅडम, बघा! एकही वेल मेली नाही!"

कुमुदिनी हसत हसत ओळीत शिरली. एक पान तिने खुडून बोटांत धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. सिराचं पान रुंद, कडेने खोल कातरलेलं असतं. हे पान लहान होतं, गोलसर, चकचकीत. तिने दुसरी वेल पाहिली, तिसरी पाहिली. सगळे फुटवे खालून आले होते, कलमाच्या गाठीखालून.

नाशिकची द्राक्षवेल अंगाने एक दिसली तरी असते दोघांची. खाली जंगली जातीचा खुंट, पाण्याचा ताण सोसणारा. वर त्याच्यावर भरलेलं हव्या त्या द्राक्षाचं कलम. झोपेतून खुंट उठला होता. कलम उठलं नव्हतं.

"गायधनी, ही आपली वेल नाही."

"काय बोलता मॅडम? हिरवीगार तर आहे!"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. मधला बांध ओलांडून ती निद्रागृहात शिरली. डॉक्टर सोनजे दिगंबरच्या खाटेपाशी उभ्या होत्या. कुमुदिनीने मुठीतलं पान त्यांच्यापुढे धरलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

"मेंदू म्हणजे वेल नव्हे, ताई," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "पण खोटं नाही बोलणार. झोपेतले आलेख पाहतोय आम्ही. अगदी लहानपणी जे रुजलं, ते शाबूत दिसतंय. नंतरच्याचं काही सांगता येत नाही."

"आणि नाही जागवलं तर?"

"औषध झोपलेल्या शरीराला लागू पडत नाही. रसाची मुदतही संपत आली आहे. जागवलं नाही, तर ते राहणार नाहीत."

कुमुदिनी त्याच्या सदऱ्याकडे बघत राहिली. तिनेच इस्त्री केलेला, फिकट निळा. इकडे आड, तिकडे विहीर. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती म्हणाली, "जागवा."

दुपार कलताना दिगंबरने डोळे उघडले. डोळे तेच होते. तिने थर्मासचं झाकण काढलं, कपात चहा ओतला आणि त्याला आधार देऊन बसवलं.

"अहो, चहा."

त्याने घोट घेतला आणि पोरासारखं तोंड वाकडं केलं. चहावाचून ज्याचं पान हलायचं नाही, तो हा माणूस! मग तो बोलला, साक्रीकडच्या त्याच्या गावच्या अहिराणीत. लग्नानंतर ही बोली तो फक्त आईशी बोलायचा, आणि आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"मनी माय कोठे शे?"

आईला शोधत त्याने खोलीभर नजर फिरवली. त्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. उन्हात ती खोटी हिरवी बाग डोलत होती. त्याचा चेहरा खुलला.

"हाई काय शे?"

"द्राक्षं," ती म्हणाली.

तो हसला. कसलाही भार नसलेलं, आठ-नऊ वर्षांच्या पोराचं हसू. असा तो तिच्याजवळ कधीच हसला नव्हता, आणि ते पाहून तिला जास्तच रडू आलं.

खुंटावर पुन्हा कलम भरता येतं, हे तिने शेकडो वेळा स्वतः केलं होतं. मात्र जुन्या वेलीची जिवंत काडी हाताशी लागते. दिगंबरची काडी तिच्याजवळ होती: त्याच्या गोष्टी, त्याची चित्रं, त्यांची भांडणं, सगळं तिला पाठ होतं. रोज थोडं थोडं सांगितलं, तर कदाचित रुजेलही. पण रुजेल तो दिगंबर असेल, की तिच्या आठवणीतला दिगंबर? आणि हे जे पोर आत्ता उन्हाकडे बघून हसतंय, त्याला कापल्याशिवाय कलम भरायचं तरी कसं?

त्याने तिचा ओला चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. हात पुढे करून त्याने तिच्या मुठीतलं ते चुरगळलेलं पान अलगद काढून घेतलं.

"रडू नको," तो म्हणाला. "तू कोन शे, वं माय?"