कॅसेटमधलं ऑफिस

श्रावणात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि सुलक्षणाचं ऑफिस घरी आलं. सत्त्याऐंशी साल होतं ते. घरी बसून नोकरी करता येते असं तिच्या नाहूरला कुणी म्हटलं असतं, तर लोक हसले असते. पण अंधेरीला मरोळमध्ये बर्नार्डसाहेबांची छोटी पेढी होती. जळालेल्या, भिजलेल्या मालाची पाहणी करून विमा कंपन्यांना अहवाल द्यायचे, हे त्यांचं काम, आणि सुलक्षणा तिथली टायपिस्ट. साहेब म्हणाले, खुर्ची तुमचीच आहे. तोवर मी मजकूर कॅसेटवर बोलून ठेवतो, तुम्ही घरून टाइप करा. शिपाई धाकू शेजारच्या भांडुपला राहायचा. तो येताजाता कॅसेट टाकायचा आणि कागद घेऊन जायचा.

सकाळी सासूबाईंचं अंग पुसायचं, पेज भरवायची, देवापुढे दिवा लावायचा आणि मग कामाला बसायचं. सासूबाईंची वाचा गेली होती. दाराजवळच्या खाटेवर त्या छताकडे बघत पडलेल्या असत. सुलक्षणाच्या कानाला हेडफोन, पायाखाली टेप थांबवायची कळ.

साहेब केबिनचं दार कधी लावत नसत. त्यामुळे त्यांच्या आवाजामागे सगळं ऑफिस ऐकू येई. पंख्याची कुरकुर, टेलिफोनची घंटा आणि चहाच्या वेळेला कॉन्सेप्टाचं खळाळून हसणं. कॉन्सेप्टा मरोळ गावठाणातली, टेलिफोनवर बसायची, सुलक्षणाची ऑफिसातली मैत्रीण. ते हसू आलं की सुलक्षणाही स्टोव्हवर चहा टाके आणि तिकडच्या कपबश्यांचा आवाज ऐकत एकटीच पिई. तेवढ्यानं बरं वाटे.

मार्गशीर्षात त्या आवाजांत एक नवा आवाज आला.

बाईचा होता. हळू. शब्द कळत नसत, पण ती काही बोलली की मागे सगळे हसत. मग डब्यांची झाकणं वाजत आणि कॉन्सेप्टा म्हणे, "झकास गं! तुझ्या हाताला चवच वेगळी."

इतक्या वर्षांत सुलक्षणाच्या डब्याला ती असं कधी म्हणाली नव्हती.

गुरुवारी उपास धरून कहाणी वाचायला बसावं, तर सुलक्षणाचं लक्ष टेबलावरच्या कॅसेटकडे जाई. व्रताच्या दिवशी कुणाचा हेवा करू नये, हे तिला कळत होतं. तरी कहाणी अर्धवट ठेवून ती हेडफोन कानाला लावी. शेवटी तिनं धाकूला विचारलंच, माझ्या खुर्चीवर कोण बसतं?

"कोण बसतला? रिकामीच आसा, बाई. मीच रोज फडको मारतंय."

आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तो खोटं बोलतोय, असं तिनं धरलं.

पुढच्या कॅसेटच्या वेळी ती बाई केबिनच्या दाराशी उभी असावी. साहेब भिजलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांबद्दल सांगत होते आणि मागून स्पष्ट ऐकू आलं, "माझा गुरुवार आहे आज. तू खा गं."

"सुलक्षणे, तुझे उपास काय संपायचे नाहीत." हा कॉन्सेप्टाचा आवाज.

सुलक्षणाचा पाय कळेवरून सरकला. टेप थांबली.

तिनं ती मागे नेऊन पुन्हा ऐकली. मग पुन्हा. संध्याकाळी नवरा, जयवंत, कामावरून आला तेव्हा त्याच्याही कानाला हेडफोन लावला. तुझाच तर आवाज आहे, तो म्हणाला. जुनी कॅसेट असेल, नीट पुसली गेली नसेल. आणि हातपाय धुवायला गेला.

तसंच असतं तर बरं झालं असतं. पण त्याच टेपवर पुढे ती बाई कॉन्सेप्टाच्या भाचीच्या साखरपुड्याबद्दल बोलत होती. तो साखरपुडा गेल्या रविवारी झाला होता. धाकू सांगत होता. सुलक्षणाला बोलावणं नव्हतं. ही बाई जाऊन आली होती.

खरं तर भीती वाटायला हवी होती. सुलक्षणाच्या मनात मात्र एकच आलं, की मला नाही बोलावलं, आणि हिला बोलावलं.

समोरच्या सुंदराबाईंकडे फोन होता. तिथून तिनं साहेबांना विचारलं, ऑफिसात परत येऊ का? सोमवारपासून या, ते म्हणाले. सासूबाईंजवळ दिवसभर बसायचं सुंदराबाईंनी कबूल केलं.

शनिवारी शेवटची कॅसेट आली. साहेबांचं बोलून झालं, पण टेप बंद करायची राहिली होती. बराच वेळ नुसता पंखा. मग तो आवाज.

"सोमवारपासून मी घरूनच काम करणार आहे."

"मग आम्हाला कसं करमायचं, सांग ना?" कॉन्सेप्टाचा गळा भरून आला होता.

श्रावणात सुलक्षणा निघाली, तेव्हा कॉन्सेप्टा फोनवरून मान वर करून एवढंच म्हणाली होती, बरं, भेटू.

सोमवारी साहेब पाहणीसाठी बाहेरगावी होते. खिडकीजवळची खुर्ची होती तिथंच होती. सुलक्षणानं टाइपरायटरवरचं कव्हर काढलं, कागद चढवला. कामाला लागली. ऑफिसात कुणी फारसं बोलत नव्हतं.

कॉन्सेप्टा चहा घेऊन आली.

"साखर किती घालू तुम्हाला?"

थट्टा करतेय असं वाटून सुलक्षणा हसली. कॉन्सेप्टा हसली नाही. चमचा हातात धरून उत्तराची वाट बघत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत सुलक्षणानं सुंदराबाईंकडे फोन लावला.

"मी सुलक्षणा. आई जेवल्या का?"



सुंदराबाई म्हणाल्या, "कोण हवंय तुम्हाला? सुलक्षणा घरीच आहे, सासूला भरवतेय. थांबा, हाक मारते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दुपारची दोन्ही घरांची दारं उघडी असत. वाटीत चमचा वाजला. बांगड्या वाजल्या. खाटेच्या कडेवर बसलेलं कुणीतरी उठलं.

तेवढ्यात एक घोगरा आवाज आला. श्रावणापासून तो कुणी ऐकला नव्हता.

"राहू दे गं तो फोन. आज कुठं तू माझ्याजवळ बसलीस."