दोन दारं आणि एक आवाज

सांगतो, पण तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही. तुमच्या आजीशी माझं जमलं ते कॅन्सरच्या दवाखान्यात, एका लाकडी बाकावर. समोर दोन दारं: डावीकडे शस्त्रक्रियेचे डॉक्टर, उजवीकडे किरणोपचाराचे. दोघांच्याही स्वरयंत्रावर गाठ. मसुराएवढी. अगदी जुळी म्हणा ना.

ती टेलिफोन ऑपरेटर. आवाज असा, की राँग नंबर लागलेला माणूससुद्धा फोन ठेवायला तयार नसे. त्या दिवशी मात्र ती रुमालाची घडी घालत होती, मोडत होती…

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"सोमवारी स्वरयंत्र काढणार," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तेव्हा… माझ्याशी काय भांडायचंय ते आत्ताच भांडून घ्या."

"मला तर नुसती किरणं देणार. आवाज राहील म्हणाले."

रुमाल हातातच राहिला. "गाठ केवढी?"

"तुमच्याएवढीच."

"पसरलीय?"

"नाही."

"माझीही नाही." तिने आधी डाव्या दाराकडे बघितलं, मग उजव्या. "म्हणजे मी डाव्या दाराने आत गेले… म्हणून मुकी होणार?"

पोरांनो, पायाखालची जमीन सरकली. खरोखर सरकली, बाक वीतभर पुढे गेला. मी दोन्ही दारं लाथेने उघडली, दोन्ही डॉक्टरांना कॉलर धरून एका टेबलाशी बसवलं. आमच्या तपासण्यांचे कागद शेजारी-शेजारी ठेवले, तर कोणता कुणाचा तेच कळेना. डाव्या डॉक्टरांना टक्कल होतं. तरी केस उभे राहिले.

"आम्हाला असंच शिकवलं," ते पुटपुटले.

"आणि आता अभ्यास काय सांगतो?" मी गरजलो.

उजवे म्हणाले, एवढ्याशा गाठीत किरणांनीही माणसं तितकीच बरी होतात. हजारो रुग्णांवर पाहिलंय. डावे कितीतरी वेळ आपल्याच हातांकडे बघत राहिले… तेव्हापासून तिथे उपचार दारावर ठरत नाहीत. सगळे एका टेबलाशी बसतात, पुरावा बघतात, मग ठरवतात.

तिलाही किरणंच मिळाली. आमचे दोघांचे उपचार एकाच दिवशी संपले, आणि मी—

"खोटं."

आजी दारात उभी होती. आवाज थोडा घोगरा, पण खणखणीत.

"गाठ यांच्या थोरल्या भावाला, दादांना होती. हे नुसते सोबतीला. दारं मी ठोठावली; हे पाण्याच्या पिंपामागे उभे होते."

"अगं, पण—"

"आणि दादांचे उपचार माझ्या कितीतरी आधी संपले. तरी हे रोज त्याच बाकावर. मी विचारलं, आता कुणासाठी येता? तर यांचीच वाचा बसली."