आठव्या अंकाला उशीर

अभ्यासिकेत एमएस्सी गणिताच्या पुस्तकांवरून माझी पेन्सिल घरंगळत समोरच्या मुलाच्या वहीपाशी गेली. त्यानं ती परत दिली... चिठ्ठीत गुंडाळून.

'७. उजवीकडे एक अंक जोडा. संख्या मूळच राहिली पाहिजे. अडेल तो हरला. दिवसाला एकच अंक. – आमोद'

मूळ, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही. मी ३ जोडला, खाली 'वल्लरी' लिहिलं आणि चिठ्ठी सरकवली. बोलायची सोय नव्हती. व्यवस्थापक शरच्चंद्रकाका कुजबुज ऐकली की म्हणत, "गप्पा मारायच्यात? मंडईत जा. भाजीही मिळेल."

७३, ७३९, ७३९३, ७३९३९... चिठ्ठी देताना त्याची बोटं टेबलावर जरा जास्तच रेंगाळायची. सहावा अंक माझा. मी १ लिहिला. त्यानं ३ जोडला – ७३९३९१३.

घरी तपासलं. आता एकच अंक बसत होता, ३. आणि त्यापुढे? सम अंक आणि ५ बाद. १ किंवा ७ जोडला तर तीननं भाग जातो. ३ आणि ९ लॅपटॉपवर पाहिले – तेही बाद. म्हणजे मी ३ लिहिला की मी जिंकणार... आणि चिठ्ठ्या बंद.

दोन दिवस मी चिठ्ठी दिलीच नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं जिन्यात गाठलं.

"हरलात?"

"छे! जिंकतेय. म्हणून तर..."

"म्हणून काय?"

मी सँडलचा पट्टा उगाच घट्ट करत राहिले.

"सहावा अंक ७ का नाही लिहिलात?" तो हळूच म्हणाला. "७३९३९७ ला पुढे काहीच जोडता येत नाही. मी तिथेच अडलो असतो."

"चुकले असेन."

"एमएस्सी गणित... आणि चुकलात. बरं."

माझे कान तापले. "कळलं होतं, तर विचारलं का नाहीत?"

"खरंच चुकला असतात, तर?"

मी बॅगेतून कागद काढला. ७३९३९१३३. त्याच्या हातात ठेवला. "जोडा."

"अडलो." इतक्या आनंदानं हरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आमोद... मला तुम्ही आवडता. इतके दिवस तेवढ्यासाठीच लांबवतेय."

तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. मोठा श्वास सोडून हसला.

"बरं झालं बोललात! मी दोन दिवस दुसरा खेळ शोधतोय... एक सापडेल तर शपथ!"