खाडीचा गाळ

फुकटचा गाळ दिसला की नाशिककडच्या शेतकऱ्याला राहवत नाही. उन्हाळ्यात धरण आटलं की तळाचा गाळ आणून शेतात पसरायचा, ही आपली जुनी रीत. मखमलाबादच्या खंडेरावानं वेगळं काही केलं नाही. फक्त त्याचा गाळ धरणाचा नव्हता.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मुंबईजवळ एका खाडीत भराव घालून इमारती उठत होत्या आणि तिथला काळा चिखल कुणीही उचलून न्यावा, असं चाललं होतं. दादरला झेंडू उतरवला की खंडेरावाचा टेम्पो रिकामाच परतायचा. तो भरून येऊ लागला.

"लोण्यावानी हाय बघ," त्यानं बायकोला, नवसाबाईला कौतुकानं दाखवलं. झेंडूचं एक वावर आणि एक विहीर, एवढ्यावर दोघांचं पोट होतं.

आधी झेंडू जळाला. मग विहीर खारट झाली. आणि एका दुपारी, भर उन्हात, वाफ्यांतून घोटाभर पाणी वर आलं. कुजका वास सोडून ते जमिनीतच उतरून गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, जरा उशिरा. खंडेरावानं खाडीची भरती पाहिलेली होती. ही तशीच होती. समुद्र तर पार घाटाखाली राहिला होता!

मग मातीतून बोटाएवढी मुळं सरळ वर आली, खाडीतल्या तिवरांची येतात तशी. उपटली तरी सकाळी पुन्हा उभी. पाणी घराच्या उंबऱ्याला टेकून परतायचं, पण आत भिंतीवर मिठाची पांढरी रेघ उमटायची आणि रोज वर सरकायची. काल खाटेपर्यंत, आज खुंटीपर्यंत.

"जिथनं आणलाय तिथं टाकून या," नवसाबाई हळूच म्हणाली. "ती माती तिचं पाणी हुडकतीय..."

"तू बी चल."

"घर उघडं टाकून? तुमी या जाऊन."

हाताला लागेल तेवढा गाळ खरवडून तो निघाला. पण खाडी होती तिथं उंच भिंत होती, आत इमारती, हिरवळ, पाळणे.

"खाडी?" वॉचमन हसला. "इथं कुठली खाडी? रस्ता चुकलात काका."

भरला टेम्पो घेऊन खंडेराव परत फिरला. दुसरं करणार काय बिचारा?

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. अंगण कोरडं होतं. नवसाबाई दारातच पाय पोटाशी घेऊन बसलेली. तिचे केस ओले होते. गळ्याभोवती, हनुवटीच्या खाली, मिठाची बारीक पांढरी रेघ होती.

"अगं... पाणी एवढं वर आलं?"

नवसाबाईनं टेम्पोतल्या गाळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नाय," ती म्हणाली. "आजचं अजून यायचंय."